मागून धरलेली गाडी

"हा टायर झिजलेला नाही ताई, घासलाय," मिरजेचा टायरवाला म्हणाला. "हात फिरवून बघा."

मी हात फिरवला. टायर नवाकोरा होता, कडेचे रबराचे बारीक केससुद्धा अजून गेले नव्हते. पण एका जागी तळहाताएवढा सपाट चट्टा पडला होता आणि त्यात आतले दोरे उघडे पडले होते.

"घासला म्हणजे?"

"चाक फिरतंय तोवर टायर सगळीकडनं सारखा जातो. चाक अडकलं आणि गाडी तशीच पुढं गेली, की एकाच जागी जातो. ब्रेक जास्त लागतोय मागं."

"टायरच वाईट निघालाय," अप्पा माझ्या मागून म्हणाले. "रबर कच्चं आहे. चाळीस वर्षं टायर बघतोय मी."

टायरवाल्याने आधी त्यांच्याकडे आणि मग माझ्याकडे बघितलं आणि तो स्टेपनी बसवायला लागला. वयस्कर माणसाशी वाद घालायचा नाही, असं त्याने ठरवलं असावं. मी तसं काही ठरवलं नव्हतं.

"अप्पा, तुळजापूरला गेलो तेव्हा ब्रेकचे लायनर वाईट निघाले. त्याच्या आधी अक्कलकोटला ॲक्सल वाकडा होता. आज टायर वाईट. सगळं वाईट आपल्याच वाट्याला कसं येतं?"

"तुला यातलं काय कळतं?" ते म्हणाले आणि जॅकपाशी वाकले.

दुपारचे दोन वाजले होते. एप्रिलचं ऊन, रस्त्याचं डांबर मऊ पडलेलं. अप्पांच्या उजव्या पायातली चप्पल जीपच्या दारापाशीच राहिली होती आणि ते एक पाय तसाच त्या डांबरावर ठेवून उभे होते.

"अप्पा, चप्पल."

त्यांनी खाली बघितलं. "असू दे," म्हणाले. मग सावकाश जाऊन चप्पल घालून आले. हट्टी माणूस, एवढंच तेव्हा माझ्या मनात आलं.

या गोष्टीला आता चौदा वर्षं झाली. अप्पा, म्हणजे माझे वडील मडिवाळप्पा शेटे, सोलापूरजवळच्या एका साखर कारखान्यात वाहनांच्या वर्कशॉपचे हेड मेकॅनिक होते. आईला आम्ही अव्वा म्हणतो. अव्वाचे दोन्ही गुडघे गेले होते. तिला खाली बसता येत नव्हतं, त्यामुळे सहा वर्षांत ती कुठे गेली नव्हती. लग्नाला नाही, बारशाला नाही. तिथल्या संडासात मला बसता येईल का, हा तिचा पहिला प्रश्न असायचा, आणि तो दुसऱ्यांच्या घरी फोन करून विचारायची तिला लाज वाटायची. तिची थोरली बहीण, तिची अक्का, कणकवलीला होती. तिचे यजमान वनखात्यात होते, ते तिकडेच स्थायिक झाले. दोघी बहिणी रोज सकाळी सात वाजता फोनवर बोलायच्या आणि रोज फोन ठेवताना, आता भेट वरतीच, असं म्हणून हसायच्या.

निवृत्त झाल्यावर अप्पांनी अंगणात एक ट्रॉलीचा ॲक्सल आणून टाकला आणि त्यावर दोन वर्षं खपून एक खोली उभी केली. आत दोन पलंग, एक शेगडी, पाण्याची टाकी. मागच्या बाजूला छोटं दार, आणि दाराआड कमोड, दोन्ही बाजूंना धरायला दांडे. जीपच्या मागे जोडून न्यायची अशी ती घरगाडी. बघायला गल्ली लोटली. लोकांनी पलंग बघितले, शेगडी पेटवून बघितली. अव्वा फक्त मागच्या दारातून आत गेली, दांडे धरून एकदा बसली, एकदा उठली, आणि बाहेर येऊन म्हणाली, "दांडा बरोबर लागतोय हाताला."

अप्पांनी तिची उंची न विचारता ते दांडे लावले होते.

घरगाडीला स्वतःचे ब्रेक होते. जीपचं ब्रेकचं पेडल दाबलं तर फक्त जीप थांबायची. घरगाडीसाठी अप्पांनी ड्रायव्हरच्या उजव्या हाताला, दाराच्या बाजूला, एक लोखंडी दांडी बसवली होती. दांडी ओढली की खालच्या तारेने मागची दोन चाकं धरली जायची. उतारावर ओझं मागून ढकलायला लागलं की जराशी ओढायची, एवढंच त्या दांडीचं काम. निदान आम्हाला तसं सांगितलं होतं.

पण घरगाडी तयार झाल्यापासून तिचे ब्रेक आणि टायर काही टिकेनात. अव्वाला नेण्याआधी अप्पांनी आणि मी जवळजवळच्या फेऱ्या करून बघितल्या. प्रत्येक फेरीनंतर लायनर, म्हणजे चाकाला धरणाऱ्या ब्रेकच्या पट्ट्या, संपलेले. अप्पा दिवस दिवस गाडीखाली घालवायचे. ब्रेक सैल केले, घट्ट केले, तार बदलली, बेअरिंग बदलले. दर वेळी नवं कारण सापडायचं आणि ते इतक्या खात्रीने सांगायचे की मला पटायचं. मी औषधांचं दुकान चालवते. गाडीतलं मला काय कळणार?

शेवटी एप्रिलमध्ये कणकवलीला जायचं ठरलं. नवे लायनर, नवे टायर घातले. मी दुकान आठ दिवस बंद ठेवलं. ते मला परवडणारं नव्हतं, पण अव्वाबरोबर बाई माणूस हवंच होतं. सकाळी सहाला निघालो. सांगोल्यापाशी जळका वास आला. उतरून बघितलं तर मागच्या चाकाला हात लावता येत नव्हता. गाडी निवायला दीड तास गेला. मग मिरजेला हा टायर. तोवर दुकानाच्या गिऱ्हाइकांचे अकरा फोन येऊन गेले होते, आणि मागच्या सीटवर पाय पसरून बसलेली अव्वा दर अर्ध्या तासाने विचारत होती, "पोचू ना गं आज?"

पोचलो नाही. संध्याकाळी कोल्हापूरच्या अलीकडे एका मंगल कार्यालयाच्या आवारात मुक्काम केला आणि सकाळी मी अप्पांना न विचारताच कार्यालयाच्या रखवालदाराकडून एका मेकॅनिकचं नाव घेतलं.

"मी मेकॅनिक आहे, आणि मला मेकॅनिककडे नेतेस?" अप्पा म्हणाले.

"तुम्ही दोन वर्षं बघताय अप्पा. आता दुसऱ्याला बघू दे."

मेकॅनिकचं नाव बाबालाल मुजावर. साठीचा, बारीक अंगाचा माणूस, कानावर पेन्सिल. घरगाडीची चाकं काढून त्यांनी ब्रेकचे ड्रम उघडले. लायनर झिजून त्यांच्या खिळ्यांपर्यंत, रिबिटांपर्यंत, गेले होते आणि रिबिटांनी ड्रमला चरे पाडले होते.

"किती दिवस झाले घालून?"

"पंधरा," अप्पा म्हणाले.

"पंधरा दिवसांत एवढं जात न्हाई, दादा. दीड वर्ष जायला पायजे."

"माल वाईट आहे."

"माल चांगला हाय. मीबी हाच घालतो." मुजावरांनी हात पुसले. "जीपचं एक चाक खोलू का?"

"जीपला काय झालंय? जीपला हात लावायचा नाही."

ते इतक्या तोडून म्हणाले की मला मुजावरांसमोर लाज वाटली. मग अप्पा स्वतःच म्हणाले की नवे लायनर ते निवडून आणतील, दुकानदार काहीही गळ्यात मारतात. रिक्षा करून ते गेले. अव्वा घरगाडीत पडली होती.

रिक्षा वळल्याबरोबर मी मुजावरांना म्हटलं, "खोला."

त्यांनी जीपचं पुढचं चाक उतरवलं, आत बॅटरी मारली आणि मला जवळ बोलावलं. "हे लायनर कधी घातलंय?"

"दोन वर्षांपूर्वी. दिवाळीत."

"दोन महिन्याचंबी वाटत न्हाई. कोरं हाय बगा." मग ते उठून ड्रायव्हरच्या बाजूला गेले, दार उघडून आत वाकले आणि बोटाने दाखवलं. तीन पेडलं होती. क्लचचं रबर घासून गुळगुळीत झालं होतं. ॲक्सिलरेटर चमकत होता. मधल्या ब्रेकच्या पेडलवर बारीक धूळ बसली होती.

"चालवतंय कोण?"

"वडीलच."

"जीप थांबतच न्हाई बाई. मागची गाडी थांबतीय आणि ती जीपला धरून ठेवतीय. सगळा ब्रेक या दांडीनं मारत्यात ते. म्हणून टायर घासत्यात, म्हणून लायनर जात्यात. गाडीत दोष न्हाई काय."

मला एकदम इतका राग आला की तिथेच रस्त्यावर बसावंसं वाटलं. दोन वर्षं! वाकडा ॲक्सल, कच्चं रबर, वाईट माल, आणि कारण काय, तर स्वतः बनवलेल्या दांडीचं कौतुक. एवढा मोठा मेकॅनिक, आणि आपलीच दांडी ओढत बसलाय म्हाताऱ्या वयात पोरासारखा. मी असंच समजले. दुसरं काही असेल असं माझ्या डोक्यातही आलं नाही.

अप्पा लायनर घेऊन आले तेव्हा चाक परत बसवलेलं होतं, पण मी वाट बघितली नाही.

"पेडल का दाबत नाही तुम्ही?"

त्यांनी आधी मुजावरांकडे बघितलं. मग शांतपणे म्हणाले, "ओझ्याची गाडी मागूनच धरायची असते. पुढून दाबली तर मागचं अंगावर येतं आणि गाडी आडवी होते. कारखान्याच्या ट्रॉल्यांच्या ड्रायव्हरांना मी हेच शिकवलंय."

"थोडं खरं हाय, दादा," मुजावर म्हणाले. "थोडंच. दोन्ही संगं मारायचं असतंय."

"मी चालवते मग," मी म्हटलं. "मला पेडल दाबता येतं."

"मागे ओझं आहे. तुझी ती डबीएवढी कार आणि ही, दोन्ही सारखं नाही."

"पण अप्पा..."

"नंदा, अक्का वाट बघत असेल," अव्वा घरगाडीच्या खिडकीतून म्हणाली. तिचं अर्धंच ऐकू गेलं असावं. "तुमचं भांडण कणकवलीला जाऊन करा."

मी गप्प बसले. पटलं म्हणून नाही. कंटाळून, चिडून, आणि आता काय करायचं ते करा अशा मनाने गप्प बसले. मुजावरांनी लायनर बसवले, ब्रेक जुळवले आणि निघताना माझ्या बाजूच्या खिडकीशी येऊन हळूच म्हणाले, "करूळचा घाट उतरणार न्हवं? त्यांच्या पायाकडं ध्यान ठेवा."

पेडल दाबतात की नाही ते बघा, असा मी त्याचा अर्थ घेतला.

कोल्हापूर सोडल्यापासून गगनबावड्यापर्यंत अव्वा बोलत होती, अक्काबद्दल, अक्काच्या हातच्या गव्हाच्या गोड हुग्गीबद्दल, आणि आम्ही दोघं हं हं करत होतो. गगनबावड्याला चहा घेतला. अप्पांनी मागच्या चाकांना हात लावून बघितला. गरम होती, पण चालण्यासारखी. चार वाजत आले होते.

घाट सुरू झाल्यावर त्यांनी गाडी दुसऱ्या गिअरमध्ये घातली. मी मुद्दाम त्यांच्याकडे तोंड करून बसले. पहिली दोन वळणं नीट गेली. दाराच्या बाजूला त्यांचा उजवा खांदा मागे जायचा, म्हणजे दांडी ओढली, आणि मागून गाडीला हिसका बसायचा. पेडलकडे पाय जात नव्हता.

"अप्पा, पेडल."

"गप्प बस. उतारावर बोलू नकोस."

चौथ्या की पाचव्या वळणानंतर वास आला. मी आरशात बघितलं, तर घरगाडीच्या खालून पांढरा धूर येत होता. अप्पांचा खांदा पूर्ण मागे गेला होता आणि गाडीचा वेग कमी होत नव्हता. उलट इंजिनाचा आवाज चढत होता.

"दांडी धरत नाही," ते म्हणाले. आवाज अगदी साधा, वर्कशॉपमध्ये कुणाला तरी सांगितल्यासारखा.

"ब्रेक दाबा मग."

"दाबलाय."

"अप्पा, ब्रेक दाबा."

"दाबलाय, नंदा. पूर्ण दाबलाय."

मी खाली बघितलं. त्यांचा पाय ब्रेकवर नव्हता. चप्पल कडेला निसटून पडली होती आणि त्यांचा उघडा पाय ॲक्सिलरेटरवर होता. मांडी थरथरत होती, इतकी ताकद लावून ते तो दाबत होते.

पुढे वळण दिसत होतं. मी काही विचार केला नाही. सीटवरून खाली घुसले, दोन्ही हातांनी त्यांची पँट धरून पाय बाजूला ओढला आणि दोन्ही तळवे ब्रेकच्या पेडलवर ठेवून अंगाचा सगळा भार टाकला. माझं डोकं स्टीअरिंगच्या खाली होतं, मला रस्ता दिसत नव्हता. मागून घरगाडीने जोराचा धक्का दिला. टायर ओरडले. अप्पांनी गाडी डोंगराच्या बाजूला, गटाराकडे घेतली असणार, कारण डावी चाकं खड्ड्यात उतरल्याचं मला कळलं, पत्रा दगडाला घासत गेल्याचा आवाज आला, आणि आम्ही थांबलो.

किती वेळ मी तशीच पेडल दाबून होते कोण जाणे. अप्पांनी चावी फिरवली आणि इंजिन बंद झालं.

"थांबलो का गं?" अव्वाने मागून विचारलं. "लागलं का कुणाला?"

मी उठून बसले. माझ्या कोपरातून रक्त येत होतं. अप्पा समोर बघत होते.

"तुमचा पाय ॲक्सिलरेटरवर होता," मी म्हटलं.

"असेल."

"असेल म्हणजे?"

"मला कळत नाही, नंदा."

"काय कळत नाही?"

"पाय." त्यांनी गुडघ्याच्या खाली हात नेला, पण लावला नाही. "इथून खाली कळत नाही. आधी मुंग्या यायच्या. मग त्याही बंद झाल्या. दीड-दोन वर्षं झाली. डावा अजून थोडा कळतो."

मला मिरजेचं डांबर आठवलं. गेलं वर्षभर ते बाजारालाही रिक्षानेच जायचे, जीपला डिझेल कशाला जाळायचं म्हणून, ते आठवलं. घरगाडी जोडलेली असली तरच ते जीप काढत, कारण तेव्हाच ती दांडी हाताशी असायची. बारा वर्षं त्यांना मधुमेह होता. गोळ्या मी देत होते. दर महिन्याच्या एक तारखेला, माझ्या दुकानातून, माझ्या हातांनी.

"मग चालवत कसे होता?"

"ॲक्सिलरेटर आवाजावरून कळतो. क्लच कळतो, गिअर पडतो की नाही त्यावरून. ब्रेकला आवाज नसतो. आज इंजिन चढलं ते ऐकलं मी. वाटलं, उतारामुळे चढतंय."

मागे अव्वा दार उघडायचा प्रयत्न करत होती. मी उतरून तिला खाली घेतलं. एका हाताने माझा खांदा आणि एका हाताने जीपचा पत्रा धरून ती चार पावलं चालली आणि अप्पांच्या खिडकीशी जाऊन उभी राहिली.

"मला का नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर बसली असतीस?"

"नसते बसले."

"म्हणून नाही सांगितलं."

अव्वाला मी कधी चिडलेली बघितली नव्हती. घरात चिडायचं काम आम्हा दोघांचं होतं. ती म्हणाली, "दोन वर्षं माझ्यासाठी दांडे लावत बसलात. मला दांडे नको होते. आणि पोरीला आज मारली असती." एवढं बोलून तिने तोंड फिरवलं आणि दरीकडे बघत उभी राहिली. तिला फार वेळ उभं राहता येत नव्हतं, तरी राहिली.

अप्पांनी चावी काढून माझ्यापुढे धरली.

ब्रेक निवायला तासभर लागला. एका ट्रकवाल्याने थांबून आमची चाकं गटारातून बाहेर काढून दिली. तोवर अप्पांनी मला सगळं सांगितलं. लहान गिअर कसा टाकायचा, पेडल सतत दाबून न ठेवता दाबायचं आणि सोडायचं, दांडी पेडलबरोबर आणि अर्धीच ओढायची. सांगताना ते माझ्याकडे बघत नव्हते. मग ते डाव्या सीटवर बसले आणि आम्ही निघालो.

चालण्याच्या वेगाने उतरत होतो. मागून ढकलणारं ते ओझं पहिल्यांदा माझ्या पाठीला कळत होतं. मी रडत होते, पण रडताना गाडी चालवता येते हे मला त्या दिवशी समजलं. प्रत्येक वळणाआधी अप्पा म्हणायचे, "आता दाब." मी दाबायची. "सोड." मी सोडायची. करूळ गावात सपाटीला लागलो तेव्हा ते थांबले.

रात्री आठला कणकवलीला पोचलो. मावशी अंगणात खुर्ची टाकून बसली होती. अव्वा आणि ती एकमेकींना धरून उभ्या राहिल्या. दोघींनाही दुसरीच्या आधाराने उभं राहता येत नव्हतं, त्यामुळे मला दोघींना धरावं लागलं. त्यानंतर नऊ वर्षं, मावशी होती तोवर, मी दर उन्हाळ्यात ती घरगाडी चालवत तिथे घेऊन गेले. अप्पा डावीकडे बसायचे. त्यांच्या उजव्या पायाची दोन बोटं पुढच्याच वर्षी काढावी लागली होती. लायनर तीन-तीन वर्षं टिकायचे, आणि ते टिकले की त्यांना बरं वाटत नसे.

पण त्या खेपेला दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांना तिथल्या डॉक्टरांकडे नेलं. जायला तयार नव्हते. "आता चालवत नाही ना मी, मग कशाला?" अव्वा म्हणाली, "मीही येते." दवाखान्याला तीन पायऱ्या होत्या. त्या तिने कठडा धरून, थांबत-थांबत चढल्या, आणि तिला चढताना बघून अप्पा निमूट आत आले.

डॉक्टर तरुण होते, सावकाश बोलणारे. त्यांनी अप्पांना टेबलावर आडवं केलं. तळपायाला एक मोठा फोड होता, फुटलेला, दोन दिवसांचा. डांबराचा असणार. तो डॉक्टरांनी नीट बघितला. त्यांनी एक बोथट सुई घेतली.

"बाबा, डोळे मिटा. मी ठिकठिकाणी टोचतो. टोचल्याचं कळलं की 'हो' म्हणायचं. नाही कळलं तर गप्प राहायचं. सोपं आहे."

अप्पांनी डोळे मिटले. डॉक्टरांनी गुडघ्याखाली टोचलं.

"हो," अप्पा म्हणाले.

घोट्याच्या वर टोचलं. थोडं थांबून ते म्हणाले, "हो."

अंगठ्याला टोचलं. "हो." टाचेला. "हो."

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर जरा आश्चर्य होतं. मलाही क्षणभर आशा वाटली. मग त्यांनी सुई पायापासून लांब, हवेत धरली आणि थांबले.

"हो," अप्पा म्हणाले.

डॉक्टरांनी सुई आवाज न करता ट्रेमध्ये ठेवली. हात बाजूला घेतले. टेबलावर अप्पा डोळे घट्ट मिटून पडले होते, परीक्षेला बसलेल्या मुलासारखं कपाळ आवळून.

"हो," ते म्हणाले. थोड्या वेळाने पुन्हा, "हो."

अव्वा स्टुलावरून उठली. भिंत धरत टेबलापाशी आली.

"पुरे आता," ती म्हणाली. "त्यांनी मघाशीच थांबवलंय."

अप्पांनी बराच वेळ डोळे उघडले नाहीत.